लॉनवरची अळंबी: एका रविवारच्या जेवणाचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण संबंधित कुटुंबाला विचारून लिहितोय. नावं, गाव, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. माझा संबंध एवढाच की मी वनस्पतीशास्त्र शिकवतो, पावसाळ्यात बुरशी-अळंबीचे फोटो काढत फिरतो, आणि हॉस्पिटलातल्या ड्युटी डॉक्टरांच्या ओळखीतल्या कुणीतरी त्या रात्री माझा नंबर त्यांना दिला. त्यामुळे घरात काय झालं ते मी नंतर सगळ्यांकडून ऐकलेलं आहे आणि हॉस्पिटलच्या पुढचं बरंचसं स्वतः बघितलेलं.

पार्श्वभूमी

कुटुंब मूळचं सिंधुदुर्गातलं, आता पुण्यात. मुळशीच्या बाजूला त्यांचा छोटासा प्लॉट आहे, त्यावर दोन खोल्या आणि पुढे लॉन. शनिवार-रविवार सगळे तिकडे जातात. घरात काकू (वय ६८, बीपीची गोळी चालू), मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. प्लॉट सांभाळायला चंद्रपूरकडचा एक वॉचमन आणि त्याची बायको.

जुलै संपत आलेला, आठ दिवस पावसाची झड आणि मग दोन दिवस उघडीप. रविवारी सकाळी लॉनवर पांढऱ्या छत्र्याच छत्र्या, त्यासुद्धा अर्धगोल रांगेत, काही ताटलीएवढ्या पसरलेल्या तर काही अजून मिटलेल्या, नगारा वाजवायच्या टिपरीसारख्या. काकूंना बघताक्षणी गाव आठवलं. कोकणात, गोव्यात आषाढ-श्रावणात वारुळावर येणारी अळंबी म्हणजे काय चीज आहे हे ज्याने खाल्लीये त्यालाच कळेल, गोव्यात तर रस्त्याकडेला पानात बांधून नगावर विकतात आणि भाव ऐकून मटण स्वस्त वाटतं. अशी वस्तू फुकट, दारात, टोपलीभर उगवलेली दिसल्यावर कुणाचाही हात पुढे जाईल. काकूंना यात अडाणी ठरवण्यात काही अर्थ नाही, त्या लहानपणापासून अळंबी ओळखत आणि खात आलेल्या बाई आहेत.

खायच्या आधी तीन वेळा थांबायची संधी आली

पहिली संधी वॉचमनमुळे. तो म्हणाला, "आजी, ह्या सात्या नोहेत जी, आमच्याकडं सात्या वारुळावर येतेत, अशा गवतात नाही. ह्या नका खाऊ." काकू म्हणाल्या, "आमी ल्हानपणापासून खातंव रे." विषय संपला. हा माणूस स्वतः जंगलाच्या कडेला वाढलेला, घरात सगळ्यात ताजं ज्ञान त्याचंच होतं, पण तो वॉचमन. त्याने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. त्याच्या बायकोला एक वाटी भाजी पाठवली गेली, तिने ती घेतली आणि झाकून ठेवली, खाल्ली नाही. ही वाटी पुढे फार कामाला आली.

दुसरी संधी सूनबाईंची. त्यांना शंका होती म्हणून मोबाईलवरच्या फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅपने बघितलं. अ‍ॅपने पॅरासोल नावाची युरोपात आवडीने खाल्ली जाणारी जात दाखवली आणि खाली लिहिलेलं की खाण्यायोग्य. फोटो वरून काढलेला होता, फक्त टोपीचा. खालच्या पडद्या, दांडा, बुडखा काहीच त्यात नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे की अ‍ॅपने शंका मिटवायला नको होती पण मिटवली, हाच त्याचा तोटा. अ‍ॅप नसतं तर त्या कदाचित अडून बसल्या असत्या.

तिसरी संधी चांदीच्या नाण्याची. लक्ष्मीपूजनाचं नाणं उकळत्या पाण्यात अळंबीबरोबर टाकलं, सोबत लसणाच्या दोन पाकळ्या. नाणं काळं पडलं नाही, लसूण पांढराच राहिला, म्हणजे "चांगली". चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे, अंड्यानेही पडते. अळंबीतल्या विषाशी त्याचा काही संबंध नाही. जगातली सगळ्यात घातक अळंबी उकळली तरी नाणं तसंच चकचकीत राहील. किडे खातात म्हणजे चालते, हळदीत रंग बदलला नाही म्हणजे चालते, वाळवली की विष जातं, हे सगळं त्याच पंगतीतलं.

दुपारी दीड वाजता जेवण झालं. कांदा-खोबऱ्याचं वाटप लावून केलेली भाजी आणि भाकरी. काकू आणि नातीने पोटभर, सूनबाईंनी बऱ्यापैकी, मुलाला मुळात मशरूम आवडत नाही म्हणून त्याने दोन घास.

त्रास सुरू झाला

तीन वाजता नातीला पहिली उलटी. साडेतीनपर्यंत सूनबाई, मग काकू. पोटात पिळवटून कळा, घाम, उलट्या थांबेनात, आणि तासाभरात जुलाबही. मुलाला काहीच नाही.

या वेळी घरात जे पर्याय निघाले ते असे. शेजारच्या प्लॉटवाल्यांनी सांगितलं मिठाचं पाणी पाजून अजून उलट्या काढा. गावाहून फोनवर सल्ला आला की चिंचेचं पाणी द्या, तूप द्या. मुलाचं म्हणणं सरळ पुण्याला जाऊ. आणि काकू म्हणत होत्या की काही होत नाही, भाजी नीट शिजली नसेल, पोट साफ झालं की बरं वाटेल. मिठाचं पाणी दिलं नाही ते फार बरं झालं. आधीच उलट्या करणाऱ्या लहान पोराला घट्ट मिठाचं पाणी पाजलं तर रक्तातलं सोडियम चढून वेगळंच संकट उभं राहतं.

तडजोड म्हणून साडेचारला जवळच्या गावातल्या डॉक्टरकडे गेले. तिथे "फूड पॉयझनिंग" म्हणून उलटीचं इंजेक्शन, ओआरएस आणि गोळ्या मिळाल्या. अळंबी खाल्ल्याचं सांगितलं गेलं, पण किती वाजता खाल्ली आणि किती वाजता पहिली उलटी झाली हे ना त्यांनी विचारलं ना यांनी सांगितलं. परत प्लॉटवर आले. साडेसहाला पोरीच्या जुलाबात रक्त दिसलं आणि ती हाक मारली की डोळे उघडून परत मिटायला लागली. मग मात्र गाडी काढली.

इथे दोन तास वाया गेले आणि त्याचं एक कारण मुलाने मला नंतर सांगितलं, ते असं की त्याला भीती होती पोलीस केस होईल. विषबाधेचा पेशंट आला की हॉस्पिटल मेडिको-लीगल केस नोंदवतं, पोलीस येऊन जबाब घेतात, हे खरंच आहे. त्यांच्याकडेही हवालदार आले, काय खाल्लं, कुणी आणलं, कुणावर संशय आहे का एवढं विचारून लिहून घेऊन गेले, दहा-पंधरा मिनिटांचं काम. पण या भीतीने लोक उशीर करतात आणि काही जण तर अळंबीचा उल्लेखच टाळून "बाहेरचं खाल्लं" असं सांगतात, जे फारच वाईट, कारण मग डॉक्टर त्या दिशेने विचारच करत नाहीत.

हॉस्पिटलमधला पहिला तास

पावणेआठला पोचले. ड्युटीवरच्या डॉक्टर बाई तरुण होत्या पण डोकं शांत. सलाईन लावता लावता त्यांनी चारच प्रश्न विचारले. किती वाजता खाल्लं? पहिला त्रास किती वाजता? सगळ्यांनी एकाच भांड्यातलं खाल्लं का? आणि भांड्यात एकाच प्रकारची होती की जे जे दिसलं ते सगळं?

या प्रश्नांमागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. खाल्ल्यावर साधारण सहा तासांच्या आत त्रास सुरू झाला तर बहुतेक वेळा ते आतड्याला डिवचणारं विष असतं, हाल भरपूर होतात पण पाणी आणि क्षार भरून काढले की माणूस उठतो. खरी भीती असते ती उशिरा सुरू होणाऱ्याची. अमानिटा नावाच्या अळंबीच्या गटातल्या काही जातींमधलं अ‍ॅमाटॉक्सिन हे विष सहा ते चोवीस तास गप्प असतं, मग जोरदार उलट्या-जुलाब, मग दुसऱ्या दिवशी पेशंट चक्क बरा वाटतो, चहा-बिस्कीट मागतो, घरी सोडा म्हणतो. आणि त्याच वेळी आत यकृताच्या पेशी मरत असतात, कारण हे विष पेशीचं प्रथिनं बनवायचं कामच बंद पाडतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्त न गोठणं, बेशुद्धी. शिजवून, वाळवून, फ्रीजमध्ये ठेवून ते नष्ट होत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये जंगली अळंबी खाऊन १३ माणसं दगावली होती, त्यात बरीचशी चहामळ्यातली होती.

आमच्या केसमध्ये दीडला जेवण, तीनला उलटी, म्हणजे दीड तास. तर मग निर्धास्त व्हायचं का? डॉक्टर बाईंनी चौथा प्रश्न विचारला तो यासाठीच. एकाच पातेल्यात दोन जाती असतील तर पहिली लवकर त्रास देते आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे राहतं, दुसरी मागून येते. मुलगा म्हणाला, "एकाच जागची होती सगळी." सूनबाईंनी उलट्यांच्या मधून सांगितलं की नाही, आईंनी कुंपणाजवळच्या झाडाखालच्या चार-पाच छोट्या, अजून मिटलेल्या अळंबीच्या गोळ्यापण घेतल्या होत्या.

या एका वाक्याने प्लॅन बदलला. ठरलं असं की चौघांचंही, म्हणजे काहीच त्रास नसलेल्या मुलाचंही, यकृताचं, किडनीचं आणि रक्त गोठण्याचं रक्त तपासायचं, आणि खाल्ल्यापासून किमान ४८ तास ते पुन्हा पुन्हा करायचं. यकृत वाचवायला देतात ते एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन लगेच चालू करायचं की ओळख पटेपर्यंत थांबायचं यावर वरिष्ठांशी फोनवर बोलणं झालं. ते औषध सहज मिळतं, तुलनेने निर्धोक आहे, आणि कुंपणाजवळच्या त्या गोळ्या कसल्या अळंबीच्या होत्या हे कळत नव्हतं, म्हणून काकू आणि नातीला चालू केलं. चारकोल, म्हणजे पोटातलं विष शोषून घ्यायला पाजतात तो कोळसा, मात्र पोरीला दिला नाही, ती गुंगीत होती, श्वासनलिकेत गेला तर नसती आफत. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथेही फोन लावून उपचार पडताळून घेतले. हे केंद्र आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं.

ओळख कशी पटली

मला नऊच्या सुमारास फोन आला, फोटो आला. फोटोत भाजीच्या आधीची टोपली, पुन्हा वरूनच. मी सांगितलं की वॉचमनला म्हणावं एक पूर्ण मोठी आणि एक छोटी खुरप्याने मातीसकट खणून काढ, प्लॅस्टिकमध्ये नको, कागदात गुंडाळ, आणि कुंपणाजवळच्या त्या झाडाखाली अजून काही आहे का बघ. तो बिचारा पावसात बॅटरी घेऊन गेला. त्याने अळंबी तर आणलीच, वर विचारलं, "साहेब, ती वाटी पण आणू का? बायकोनं ठेवलीये." नातेवाईकाच्या गाडीतून ते सगळं अकरापर्यंत आलं.

मोठी छत्री उलटी केली तर पडद्या राखाडी-हिरवट. मिटलेल्या छोटीच्या पडद्या पांढऱ्याशुभ्र. टोपीवर मधोमध तपकिरी खपली आणि बाहेर विरळ होत गेलेले तुकडे, दांड्यावर दुहेरी काठाची कडी, जी बोटाने वरखाली सरकते, बुडखा फुगीर पण भोवती पेल्यासारखं आवरण नाही. टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाकून ठेवली. सकाळी कागदावर फिक्कट हिरव्या भुकटीची चक्राकार नक्षी उमटलेली. हिरवे बीजाणू (अळंबीचं बी म्हणता येईल अशी ही भुकटी) सोडणारी अशी मोठी छत्री म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. पुण्या-मुंबईच्या लॉनवर, मैदानात, खताच्या ढिगाशेजारी पावसाळ्यात सर्रास दिसते, आणि पोटाचे जबरदस्त हाल करते. जुलाबात रक्तही पडू शकतं.

काकू ज्या अळंबीशी तिला ताडून बघत होत्या ती टर्मिटोमायसिस. ती वाळवीबरोबर राहते, वाळवी वारुळात तिची शेती करते, आणि दांडा जमिनीखाली मुळासारखा लांबच लांब वारुळापर्यंत जातो. टोपीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो, भुकटी गुलाबीसर पडते. ओढली की ती लांब शेपटी निघायला हवी. लॉनवरच्या अळंबीला शेपटी नव्हतीच, पण काकूंनी ती विळीने वरच्यावर कापली होती, त्यामुळे बुडखा कुणी बघितलाच नाही. अमानिटाच्या बुडख्याचा पेलाही याच कारणाने मातीतच राहून जातो.

वाटीतली भाजी मी सोमवारी सकाळी कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली पाहिली. शिजवल्यावरही बीजाणू टिकतात. जे दिसले ते सगळे एकाच प्रकारचे, मोठे, जाड भिंतीचे, टोकाला बारीक छिद्र असलेले, म्हणजे क्लोरोफायलमच. मी हे डॉक्टरांना सांगितलं आणि सोबत हेही सांगितलं की मिटलेल्या गोळ्यांमध्ये बीजाणू अजून तयारच झालेले नसतात, तेव्हा त्या गोळ्यांबद्दल माझ्याकडून काहीही पुरावा समजू नका. वॉचमनला त्या झाडाखाली पुन्हा काही सापडलं नव्हतं.

सोमवार दुपार: घरी जायची घाई

सोमवारी दुपारी सगळ्यांना बरं वाटायला लागलं. पोरगी उठून बसली, कार्टून लावा म्हणाली. सूनबाईंची उलटी रात्रीच थांबली होती. मुलाने डिस्चार्ज मागितला. त्याचा मुद्दा चूक नव्हता, अळंबी ओळखली गेलीये, ती जीवघेणी नाही, बिल वाढतंय, आणि इन्शुरन्सवाले काय म्हणतील ते वेगळंच. डॉक्टर बाईंचा मुद्दा असा की खाऊन २४ तास झालेत, अ‍ॅमाटॉक्सिन असतं तर नेमकं आत्ताच माणूस बरा दिसला असता. गोळ्या ओळखल्या गेलेल्या नाहीत. बरं दिसण्यावर मी सोडणार नाही, रिपोर्टवर सोडेन.

मध्यममार्ग निघाला. मुलगा आणि सूनबाई घरी गेले, पण सोमवारी रात्री आणि मंगळवारी दुपारी येऊन रक्त द्यायचं या अटीवर, आणि काकू व नात आत राहिल्या. मला वाटतं हा निर्णय बरोबर होता, आणि "हट्टाने ठेवून घेतात बिलासाठी" असं बोलणाऱ्या नातेवाईकांनी निदान या केसमध्ये गप्प बसावं.

काय निष्पन्न झालं

चौघांचेही यकृताचे रिपोर्ट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) ४८ तासांपर्यंत नॉर्मल राहिले. नातीचं पोटॅशियम उतरलं होतं, ते सलाईनमधून भरलं, ती मंगळवारी संध्याकाळी घरी गेली. ज्यांची कुणी काळजी करत नव्हतं त्या काकूंनीच थोडी धास्ती दिली. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलं. एवढे जुलाब झाले आणि त्यात रविवारी संध्याकाळी सवयीने बीपीची गोळीही घेतलेली, अंगात पाणी नसताना ती गोळी किडनीवर ताण आणते. गोळी बंद ठेवली, सलाईन वाढवलं, बुधवारी क्रिएटिनिन उतरल्यावर सोडलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं, ठीक.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा मुद्दा माझ्या मते ओळखीचा नाही, जागेचा आहे. काकूंच्या गावात अळंबी खाल्ली जायची ती दिसण्यावरून नव्हे, अमुक वारूळ, अमुक आठवडा, आणि आजीने ती तिथूनच पन्नास वर्षं आणलेली, या सगळ्यावरून. ते ज्ञान पक्कं होतं पण ते त्या वारुळाचं होतं. मुळशीच्या लॉनवर काकूंनी त्यातलं फक्त दिसणं सोबत आणलं. हे फक्त आपल्याकडे होत नाही, २०१२ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरात डेथ कॅप ही अमानिटा गटातली विषारी अळंबी खाऊन दोघे दगावले, आणि आशियातून गेलेले लोक तिकडे तिला आपल्याकडच्या भाताच्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी समजून फसतात असं तिथले तज्ज्ञ वारंवार सांगत आलेत. वॉचमनने बोट नेमकं जागेवरच ठेवलं होतं. त्याचं बोलणं कुणी दोन मिनिटं ऐकून घेतलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

दुसरं, पहिल्या डॉक्टरकडे. खाल्ल्याची वेळ आणि पहिल्या उलटीची वेळ चिठ्ठीवर लिहून न्यायला हवी होती, उरलेली अळंबी आणि भाजी सोबत न्यायला हवी होती, आणि लहान मूल असल्यामुळे साडेचारलाच मोठ्या हॉस्पिटलची वाट धरायला हवी होती. १०८ ला फोन करायचं कुणालाच सुचलं नाही, वांती करणाऱ्या तिघांना घेऊन ज्याने स्वतः तीच भाजी खाल्लीये त्याने घाटात गाडी चालवली. त्याला वाटेत काही झालं असतं तर?

तिसरं, घरी औषधं. जुलाब-उलट्या चालू असताना बीपीची रोजची गोळी घ्यायची का, हे पहिल्या डॉक्टरने विचारायला हवं होतं आणि घरच्यांनीही.

काकूंशी नंतर बोलणं झालं तेव्हा त्यांना सर्वात जास्त राग त्या नाण्याचा आला होता. अळंबी सोडणार का विचारलं तर म्हणाल्या गावाला गेले की आमच्या वारुळावरची खाणार, हिकडची नको, हिकडे धिंगरी नाहीतर बाजारातली बटण. माझी काही हरकत नाही, फक्त उपटताना शेपटी निघते का बघा एवढं मी म्हटलं. त्या चार-पाच गोळ्या नक्की कशाच्या होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही, डिस्चार्ज कार्डावरही डॉक्टर बाईंनी "दुसरी जात असल्यास अनोळखी" असंच लिहिलंय.